बदललेला पाऊस आणि आपले मन



'पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही' हे वाक्य आज खेड्यापाड्यांतून ज्या सहजतेने उच्चारले जाते, त्या सहजतेने दुसरे एखादे वाक्य क्वचितच उच्चारले जात असेल. गेल्या उन्हाळ्यात फर्दापूरच्या तिठ्यावर एका चहाच्या दुकानी बसलो असता, आपल्याच समाजातील एका वयोवृद्ध गृहस्थांनी ते मला ऐकविले. अजिंठ्याचा घाट उतरून जळगावकडे निघालेल्या सडकेला जेथे लेण्यांकडे जाणारा फाटा फुटतो, ते हे ठिकाण. गृहस्थांच्या कुटुंबाने अलीकडेच दीक्षा घेतली आहे. देव्हारा उठला आहे. भिंतीवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर आली आहे. नवस, अंगारे, जत्रेचे कर्ज, सारे बंद झाले आहे. हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले आणि मग आभाळाकडे बोट करून ते म्हणाले, "भाऊ, हवामानच बदललं, आता माणसानं काय करावं?"

या वाक्याचा पहिला अर्धा भाग सत्य आहे. दुसऱ्या भागाविषयी मी आज आपणांशी बोलणार आहे. जे दैव आपण देव्हाऱ्याबरोबर घराबाहेर काढले, तेच 'हवामान' असे नवे नाव धारण करून मागल्या दाराने पुन्हा आत येऊन बसले की काय, अशी शंका मला त्या दिवशी आली.

प्रथम सत्य काय ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने वाढलेले होते, असे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक तज्ज्ञमंडळाने २०२१ च्या अहवालात नमूद केले आहे. हवा तापली की ती अधिक बाष्प धरून ठेवते. म्हणून पाऊस येतो तेव्हा कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. मराठवाड्याला हे निराळे सांगावयास नको. २०१२, २०१४, २०१५, २०१८ ही अवर्षणाची वर्षे आपण भोगली. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले. आणि २०२५ च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात उभी पिके आणि पिकांखालची मातीदेखील पुराने वाहून नेली. हा धूर ज्यांनी आकाशात सोडला त्यांत आपल्या वस्तीचा वाटा नगण्य आहे, हेही येथेच सांगून ठेवतो. दोष ज्याचा त्याच्या पदरी घातलाच पाहिजे. परंतु तो घालून होईपर्यंत आपल्या शेतात पेरणी थांबत नाही.

तर पेरणीचेच उदाहरण घेऊ. फर्दापूर, सोयगाव या बाजूस कापूस आणि मका ही मुख्य पिके. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मृग नक्षत्र लागते. वडील माणसांच्या मनात मृगाची पेरणी ही पक्की खूणगाठ बांधलेली असते. एखादी जोरदार सर येते, मातीचा वास सुटतो, बांधापलीकडचा शेतकरी सरकी लावू लागतो, आणि मग आपल्या घरातील कर्त्या पुरुषाचा जीव थाऱ्यावर राहत नाही. कृषी खाते दरवर्षी कंठरवाने सांगते की, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत खोलवर ओल गेल्याखेरीज पेरू नका. हा आकडा त्या पुरुषास मुखोद्गत असतो. तरीही तो पेरतो. मग तीन आठवडे आभाळ कोरडे राहते, कोंब जळून जातात, आणि बियाण्याची पाकिटे दुसऱ्यांदा उधारीने आणावी लागतात. दुबार पेरणी या शब्दात किती घरांची झोप गेली आहे हे आपणांस ठाऊकच आहे.

हे का घडते? शहरातील विद्वान त्यास अडाणीपणा म्हणून मोकळे होतात. मला हे निदान मान्य नाही. ज्यास आकडा पाठ आहे तो अडाणी कसा? खरे कारण असे आहे की, सर्वांबरोबर पेरून बुडाल्यास दोष आभाळाचा ठरतो; एकट्याने थांबून हंगाम चुकल्यास दोष आपल्या अकलेचा ठरतो. नुकसान दोन्हीकडे तेवढेच, परंतु दुसऱ्या नुकसानीवर गाव हसते. ज्यांच्या आज्या-पणज्यांना पिढ्यान् पिढ्या 'तुम्हांस काय कळते?' असे म्हणून गप्प बसविण्यात आले, त्यांस हे हसणे इतरांहून अधिक झोंबते. एकट्याने निराळे वागण्यास जे मानसिक भांडवल लागते, ते आपणांस वारशात मिळालेले नाही. शिवाय एक गोष्ट मनाची नसून व्यवहाराची आहे, तीही विसरू नये. ज्याच्या घरी बैलजोडी नाही, ट्रॅक्टर नाही, त्याने पेरणीचा दिवस निवडावा कसा? मालकाची पाळी संपली की ट्रॅक्टर येईल. तो आला की पेरावे. अशा माणसास 'ओल पाहून पेरा' हा उपदेश म्हणजे उपाशी माणसास 'सावकाश जेवा' असे सांगण्यासारखा आहे.

मनाची आणखी एक खोड आहे. ते जवळच्या वर्षास मोठे मानते. दोन वर्षे पाऊसपाणी चांगले झाले की अवर्षण संपले असे वाटते; एकदा पूर आला की पुढल्या वर्षीही पूरच येणार असे वाटते. आणि आपल्या वृद्धांपुरते पाहिले तर त्यांच्या मनातील दुष्काळ एकच, बहात्तरचा. १९७२ साली धान्य नव्हते, परंतु पुष्कळ ठिकाणी विहिरीस पाणी होते. २०१३ आणि २०१६ साली दुकानात धान्य होते आणि विहिरी कोरड्या होत्या. जो बहात्तरच्या आठवणीवर विसंबून कणगी भरून ठेवील आणि पाण्याची तजवीज करणार नाही, त्याची तयारी एका शत्रूविरुद्ध आणि लढाई दुसऱ्याशी, अशी गत होईल. मात्र बहात्तरची एक आठवण जपून ठेवण्यासारखी आहे, आणि नेमकी तीच आपण विसरत चाललो. त्या वर्षी लाखो स्त्री-पुरुषांनी खडी फोडली, नालाबांध घातले, आणि दुष्काळी कामांच्या त्या अनुभवातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हा हक्क ठरला. आभाळ बदलता येत नाही, परंतु आभाळ कोपल्यावर माणसाचे काय होते ते बदलता येते, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यांच्या रस्त्यांवर आणि पाझर तलावांवर पडलेला आहे.

कर्जाविषयी पुष्कळ लिहिले जाते. कर्ज बुद्धीचे काय करते याविषयी कमी. तामिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर केलेला एक अभ्यास २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी तोडणीपूर्वी, हाती पैसा नसताना, आणि तोडणीनंतर, पैसा आल्यावर, अशी दोनदा घेण्यात आली. माणसे तीच, परंतु तंगीच्या दिवसांत त्यांची कामगिरी स्पष्टपणे खालावलेली आढळली. देणेकऱ्याच्या तगाद्याने मनाची जेवढी जागा व्यापली जाते, तेवढी विचारास कमी पडते. आता लक्षात घ्या की, कोणते बियाणे घ्यावे, केव्हा पेरावे, विमा उतरावा की न उतरावा, हे सारे निर्णय मे-जून महिन्यांत घ्यावयाचे असतात. म्हणजे हाती सर्वांत कमी पैसा आणि डोक्यावर सर्वांत अधिक भार, अशा वेळी वर्षातील सर्वांत कठीण विचार आपण करतो. म्हणून माझी सूचना अशी की, हे निर्णय पुढे ढकलू नका, मागे ओढा. कापूस विकून दोन पैसे घरात आले, त्या डिसेंबर-जानेवारीत नवरा-बायकोने बसून पुढल्या खरिपाचे ठरवावे आणि ते कागदावर लिहून ठेवावे. जूनमध्ये दुकानदार जे गळ्यात मारतो त्यापेक्षा ते शहाणपणाचे निघेल.

दुकानदारावरून आठवले. आपणांस हवामानाची आणि पिकाची माहिती मिळते कोठून? बहुतेकांस ती मिळते जो उधारीने बियाणे व औषध देतो त्याच्याकडून. त्याचे हित विक्रीत आहे. तो 'थांबा' असे कशास सांगेल? कृषी सहायक येतो, सभाही घेतो. परंतु अनेक गावांत ही सभा मारुतीच्या पारावर भरते. आपण आता तेथे जात नाही. पूर्वी जात होतो तेव्हाही खालीच बसत होतो. अधिकाऱ्यास यात काही वावगे दिसत नाही. तो आपल्या वहीत 'सभा संपन्न' असे लिहितो आणि परत जातो, आणि नंतर कोठेतरी छापून येते की, दुर्बल घटक नव्या तंत्राविषयी उदासीन आहेत. ज्या जागी अपमान सोसला त्या जागी ज्ञान वाटले जात असेल, तर न जाणाऱ्यास उदासीन म्हणता येणार नाही. सभा शाळेत भरवा, ग्रामपंचायतीच्या सभागृहात भरवा, अशी लेखी मागणी आपण कधी केली आहे काय? आणि त्या सभेस स्त्रिया कितीशा असतात? हंडा डोक्यावर घेऊन जी रोज विहिरीवर जाते, तिला पाण्याची पातळी उतरल्याचे पुरुषापेक्षा दोन महिने आधी कळते. परंतु तिला विचारतो कोण?

आता सर्वांत मूळ गोष्टीकडे येतो. आपल्यापैकी अनेक कुटुंबे गायरान जमीन कसतात. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली, आणि पुन्हा १९६४-६५ साली, भूमिहीनांनी सत्याग्रह केले, हजारोंनी तुरुंग भरले, त्या लढ्याची ही फळे आहेत. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जाती-जमातींची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली निघाला. तरीही सातबाऱ्यावर नाव न लागलेली घरे आजही गावोगाव आहेत. अशा घराने बांध घालावा, शेततळे खोदावे, बांधावर आंबा लावावा, असा उपदेश करणारे थोडे नाहीत. आंब्यास फळ येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. पुढल्या वर्षी ही जमीन आपल्याकडे राहील की नोटीस येईल हे ज्यास ठाऊक नाही, त्याचे मन पाच वर्षांपुढे धावणारच नाही. त्यास दूरदृष्टी नाही असे म्हणू नका; त्याची दृष्टी कागदाअभावी अडविली गेली आहे. पीक बुडाले आणि भरपाई मागावयाची तर तेथेही सातबारा लागतो. म्हणून फर्दापूरच्या त्या गृहस्थांना 'हिंमत धरा' असे सांगण्यापूर्वी मी त्यांना विचारले, "जमीन कोणाच्या नावे आहे?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मनाचा प्रश्न आणि हक्काचा प्रश्न अलग करता येत नाहीत तो असा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्यास सांगितले खरे. परंतु भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासकीय अधिसूचनेने जमीन दिलेली असल्यास तो अपवाद होऊ शकतो, असेही त्याच निकालात म्हटले आहे. नोटीस हाती पडताच घाबरून कागद चुलीत घालू नका. जुन्या दंडाच्या पावत्या, पंचनामे, पीकपाहणीचे उतारे, जे असेल ते एका पिशवीत जपून ठेवा.

एक नाजूक गोष्ट उरली. ती बोलावयास मला संकोच वाटतो. बदलत्या पावसात तगून राहण्यासाठी जे उपाय सांगितले जातात, त्यांत शेळ्या पाळणे, शेणखत, ज्वारी-बाजरीकडे पुन्हा वळणे, मातीचे बांध घालणे ही कामे येतात. आपला शिकलेला मुलगा ती यादी ऐकतो आणि त्याच्या कपाळावर आठी उमटते. 'पुन्हा शेण-माती? मग दीक्षा कशासाठी घेतली?' त्याचा राग मला समजतो. मेलेली ढोरे ओढणार नाही, भाकरी मागणार नाही, असे म्हणूनच आपली माणसे उभी राहिली. परंतु ते काम त्याज्य होते ते घाणीमुळे नव्हते. ते दुसऱ्याच्या हुकमाने, फुकट, आणि जातीच्या नावाने करावे लागे म्हणून त्याज्य होते. स्वतःच्या शेतात स्वतःच्या हिशेबाने पेरलेली बाजरी त्या कोटीतील नव्हे. तथापि ज्या युवकास हे पटत नाही त्यास मी बळे पटविणार नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याविषयी काय मत मांडले हे सर्वश्रुत आहे. मानसशास्त्रज्ञ म्हणतात की, जन्मभूमीवरील प्रेमामुळे माणसे धोका दिसत असूनही हलत नाहीत. आपले खेड्यावरील प्रेम इतके सरळ कधीच नव्हते. मुलीस शिकवून शहरात पाठविणे हेही बदललेल्या पावसाला दिलेले उत्तरच आहे, आणि कित्येक घरांच्या बाबतीत ते अधिक चांगले उत्तर आहे. केवळ एवढेच पाहावे की, निर्णय आपण घेऊन निघालो आहोत, की विहीर आटल्यावर ऊसतोडीच्या मुकादमाची उचल घेऊन फरफटत चाललो आहोत.

असो. करावयाचे काय, हा त्या गृहस्थांचा प्रश्न अजून तसाच आहे. 'माझ्याने होईल' हा विश्वास व्याख्याने ऐकून येत नाही. आपण केलेल्या एखाद्या लहानशा गोष्टीचा परिणाम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याने येतो. अल्बर्ट बँड्युरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली हेच मांडले. म्हणून मी लहान गोष्ट सांगतो. सरळ भिंतींचा एक पत्र्याचा डबा घ्या, झाडापासून आणि छपरापासून दूर, मोकळ्यावर पक्का बसवा. पाऊस पडल्यावर मुलाची शाळेची पट्टी त्यात उभी धरा. पाणी साडेसात सेंटिमीटर भरले म्हणजे ७५ मिलिमीटर पाऊस झाला. रोजचे पाणी मोजून ओतून टाका आणि वहीत तारखेसह बेरीज करीत जा. मृगात शेजारी काय करतो याऐवजी वही काय म्हणते ते पाहण्याची सवय लागेल, आणि एकट्याने थांबण्याची लाजही कमी होईल, कारण आपल्या थांबण्यास आता आकड्याचा आधार आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास तो अतिवृष्टी मानला जातो आणि त्यावर मदत ठरते. मंडळाचे मापक आपल्या शिवारापासून कित्येक मैल दूर असू शकते. घरची वही सरकारी नोंदीची जागा घेणार नाही, परंतु दहा घरांच्या दहा वह्या एकच आकडा सांगू लागल्या तर तलाठ्यापुढे उभे राहताना आवाज कापणार नाही.

ही माणसे एकत्र कोठे जमणार, असे कोणी विचारील. ती आधीच जमत आहेत. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपल्या विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. वर्षावासाचा नियमच मुळी पावसामुळे आला. पावसाळ्यातही भिक्खू हिंडतात, हिरवे अंकुर आणि लहान जीव तुडवितात, अशी लोकांनी तक्रार केली, आणि भगवंतांनी ती ऐकून संघाची राहाटी बदलली, अशी विनयपिटकात कथा आहे. फर्दापूरच्या शेजारी वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर जी लेणी कोरली आहेत, तेथील विहारांत हेच तीन महिने भिक्खू राहत असत. तर वाचन आटोपल्यावर पाव घटका वह्यांसाठी ठेवावी: कोणाकडे किती पडला, कोणी पेरले, कोण थांबला, थांबणाऱ्याचे काय झाले. ज्या बैठकीत हसणारा कोणी नाही, तेथे माणूस आपली चूकही मोकळेपणाने सांगतो, आणि दुसऱ्याची चूक ऐकून शिकतो. त्याच बैठकीत कृषी सभेच्या जागेविषयीचा अर्ज लिहून, तो सर्व स्त्री-पुरुषांच्या सह्यांनिशी ग्रामसभेत द्यावा. १ मे ची ग्रामसभा पेरणीपूर्वी येते. १५ ऑगस्टची पीक उभे असताना.

फर्दापूरला मी हे सांगत होतो तेव्हा गृहस्थांची नात, सातवीत शिकणारी, बाजूस उभी राहून ऐकत होती. आजोबा 'बघू' म्हणाले. तिने मात्र विचारले, "काका, पाऊस रात्रभर पडला तर मोजायचा कधी?" मी तिला सांगितले की, सकाळी साडेआठ वाजता, हवामान खात्याची नोंदही त्याच वेळी घेतात. तिने तळहातावर पेनाने साडेआठ असे लिहून घेतले.